'फेरफार', 'दुरुस्ती' की 'समायोजन'? तापमानाच्या जुन्या नोंदींच्या वादातील काही शब्द

प्रश्न

तापमानाच्या जुन्या नोंदींवरून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत जे जाहीर वाद झाले, त्यांवरील एक दीर्घ लेख मी सध्या मराठीत आणत आहे. त्यात 'ॲडजस्टमेंट' हा शब्द पानोपानी येतो. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या उपकरणांनी आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून त्यांत केलेला बदल, असा तिथे त्याचा अर्थ आहे. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र 'फेरफार' असे लिहिले. तो खर्डा वाचून घरातील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "म्हणजे शास्त्रज्ञांनी आकडे बदलून लबाडी केली, असेच या लेखाचे म्हणणे ना?" मूळ लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. मी वाक्ये तपासली, तर व्याकरणाची किंवा अर्थाची चूक कुठेही सापडली नाही. सगळा घोळ त्या एका शब्दाने केला होता.

'दुरुस्ती' आणि 'समायोजन' हे दोन पर्याय माझ्यासमोर आहेत. शिवाय 'अनॉमली'साठी (तापमान सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे, ते सांगणारा शब्द) मी 'विसंगती' वापरला आहे, त्याविषयीही शंका येऊ लागली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

'फेरफार' या शब्दाची बाजू थोडी मांडावीशी वाटते, कारण आपण ज्या अर्थाला बिचकला आहात तो त्याचा एकमेव अर्थ नाही. वर्तमानपत्रांत 'गुणपत्रिकेत फेरफार', 'मतदारयादीत फेरफार' असे मथळे सतत येत असल्याने शहरी वाचकाच्या कानाला हा शब्द लबाडीचा वाटतो, हे खरे आहे. परंतु महसुली व्यवहारात हाच शब्द शंभर टक्के सचोटीचा आहे. जमिनीची खरेदी झाली, वारसा लागला, वाटणी झाली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यासाठी मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच सातबारा बदलतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आधीच्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत असत, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत असत, त्यामुळे पन्नास वर्षांनंतरही कोणालाही मागे जाऊन पाहता येत असे की काय होते, काय झाले आणि कशामुळे झाले.

मला हे सांगावेसे वाटते ते अशासाठी, की तापमानाच्या नोंदींत चांगल्या संस्था जे करतात ते या फेरफार नोंदीच्या फार जवळचे आहे. समुद्र आणि वातावरणाचा अभ्यास करणारी अमेरिकेतील 'नोआ' ही सरकारी संस्था जागतिक स्थानकांच्या मासिक नोंदींचा जो संच राखते, तो बदल न केलेल्या आणि बदल केलेल्या अशा दोन्ही रूपांत सर्वांना खुला असतो. त्यामुळे शेतकरी वाचकासाठी लिहावयाचे असते, तर मी 'फेरफार नोंद' हा पूर्ण शब्दप्रयोग निःशंकपणे वापरला असता. नियतकालिकाच्या सर्वसाधारण वाचकासाठी मात्र नुसता 'फेरफार' मीही टाळीन, कारण मथळ्यांनी रूढ केलेला अर्थ वाचकाच्या मनातून काढणे एका लेखाला शक्य नाही.

प्रतिसाद २

'फेरफार' टाळावा हे मान्य, पण 'दुरुस्ती' हा त्याचा निर्दोष पर्याय आहे असे मला वाटत नाही. दुरुस्ती म्हटले की आधी काहीतरी नादुरुस्त होते असे गृहीत धरले जाते. काही ठिकाणी ते खरे असते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान विभागाने नंतर तपासणी केली, तेव्हा तिथला संवेदक प्रमाण उपकरणापेक्षा ३ अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले. या ठिकाणी उपकरण बिघडलेले होते, आकडा चुकीचा होता, आणि म्हणून 'दुरुस्ती' हाच शब्द शोभतो.

आता आपल्या लेखात ज्या अमेरिकी वादाचा उल्लेख असणार, तो निरीक्षणाची वेळ बदलल्यामुळे केलेल्या बदलाचा वाद घेऊ. कमाल तापमापक मागील नोंदीपासून पुढचा उच्चांक धरून ठेवतो, आणि निरीक्षक रोज तो आकडा लिहून घेऊन उपकरण पूर्ववत करतो. समजा, सोमवारी दुपारी ४० अंशांपर्यंत पारा चढला आणि सायंकाळी पाच वाजता हवा अजून ३९ अंशांवर असताना निरीक्षकाने ४० हा आकडा लिहून उपकरण पूर्ववत केले. मंगळवारी आभाळ आले आणि दिवसभरात हवा ३५ अंशांपलीकडे गेलीच नाही. तरीही मंगळवारी सायंकाळी तापमापक ३९ दाखवणार, कारण सोमवारी पाच वाजता तो पूर्ववत केला त्या क्षणी हवा तेवढी तापलेली होती. सोमवारचे ऊन अशा रीतीने दोनदा मोजले गेले. याच्या उलट, नोंद सकाळी घेतली, तर एखादी कडाक्याची पहाट किमान तापमानात दोनदा मोजली जाते. अमेरिकेतील हजारो स्वयंसेवी निरीक्षक पूर्वी बहुतांशी सायंकाळी नोंद घेत. पावसाचे पाणी दिवसा वाफ होऊन उडण्याआधी मोजले जावे म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हळूहळू सकाळच्या वेळेकडे वळले. परिणामी, हवेत काहीही बदल झाला नसता तरी कागदावर अमेरिका थंड होत गेलेली दिसली असती.

यात चूक कोणाची होती? निरीक्षकाने प्रामाणिकपणे वाचले, उपकरण नीट चालत होते, वहीतला प्रत्येक आकडा खरा होता. नादुरुस्त असे काहीच नसताना 'दुरुस्ती' कशाची करणार? आणि 'नोंदी दुरुस्त केल्या' असे आपण छापले, की पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला रोज तापमापक वाचणाऱ्या त्या माणसांवर आपण नकळत ठपका ठेवतो. मला हे अन्यायाचे वाटते.

समुद्राच्या नोंदींचे उदाहरणही लेखात असेल, तर अवश्य ठेवा. मराठी वाचकाला ते लगेच कळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जहाजावरील खलाशी बहुधा लाकडी किंवा कॅनव्हासचा पोहरा समुद्रात सोडून पाणी वर काढीत आणि त्यात तापमापक बुडवीत. ओल्या कॅनव्हासमधून पाणी झिरपून वाफ होत असल्याने, माठातले पाणी गार होते त्याच कारणाने, पोहऱ्यातले पाणी वर येईपर्यंत किंचित निवत असे. पुढे इंजिनाच्या थंडाव्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवू लागले, आणि ते प्रत्यक्षापेक्षा किंचित उबदार भरे. या दोन पद्धतींचे आकडे जसेच्या तसे जोडले, तर समुद्र खऱ्यापेक्षा अधिक तापलेला दिसतो. म्हणून जुने आकडे वर उचलावे लागतात आणि त्यामुळे शतकभराची वाढ कमी होते. पृथ्वीचा बहुतांश पृष्ठभाग पाण्याचा असल्याने, जमीन आणि समुद्र मिळून पाहिले तर या सगळ्या बदलांनी दीर्घकालीन तापमानवाढीचा आकडा थोडा घटतो. वाढ फुगवून दाखवण्यासाठी आकडे बदलले, हा आरोप करणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी पाहायला हवी होती.

माझी सूचना अशी, की शब्द एकच असावा हा आग्रह सोडावा. बिघडलेल्या उपकरणासाठी 'दुरुस्ती' लिहावे. वेळ, जागा किंवा पद्धत बदलल्यामुळे केलेल्या बदलासाठी 'समायोजन' लिहावे, आणि तो शब्द प्रथम येईल तिथे 'नोंदी तुलनेयोग्य करण्यासाठी केलेला बदल' असे एकदा उलगडून सांगावे.

प्रतिसाद ३

'समायोजन' हा शब्द मराठीत सध्या अतिरिक्त शिक्षकांच्या संदर्भातच ऐकू येतो, तेवढी एक अडचण आहे. ती फार मोठी नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न 'रॉ डेटा'चा, म्हणजे कोणताही बदल करण्यापूर्वीच्या नोंदींचा आहे, आणि प्रश्नकर्त्यांनी तो विचारलेला नाही. 'मूळ नोंदी' लिहिले की वाचकाला त्या अस्सल वाटतात आणि नंतरच्या बनावट वाटू लागतात, कारण 'मूळ' या शब्दाला मराठीत मान आहे. मूळ पुरुष, मूळ पीठ, मूळ प्रत असे आपण आदराने म्हणतो. याउलट 'कच्च्या नोंदी' लिहिले की कच्चा खर्डा, कच्चे बिल, कच्ची वही हे आठवते, आणि पक्के ते नंतरचे असा वाचकाचा कल होतो. म्हणजे 'मूळ' की 'कच्च्या' हे ठरवतानाच अनुवादक वादात एका बाजूला बसतो. मी 'प्रथम नोंदी' सुचवतो. ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तेवढेच त्यातून कळते.

प्रश्नकर्ता

'कच्च्या' आणि 'मूळ' या दोन्ही शब्दांचा मी एकाच परिच्छेदात अदलून बदलून वापर केला होता, हे आता लक्षात येते आणि वाईट वाटते. 'प्रथम नोंदी' स्वीकारतो.

'विसंगती'विषयी माझी शंका अशी आहे. अमेरिकेतील सर्वांत उष्ण वर्ष १९३४ की १९९८, हा वाद लेखात आहे. ऑगस्ट २००७ मध्ये हवामानाच्या आकडेवारीचे कॅनडातील टीकाकार स्टीव्हन मॅकिंटायर यांनी नासाच्या गोडार्ड संस्थेच्या अमेरिकेविषयीच्या आकड्यांत २००० सालानंतरच्या नोंदी जोडताना झालेली एक चूक दाखवून दिली. संस्थेने ती मान्य केली, आकडे दुरुस्त केले (इथे हा शब्द योग्यच आहे) आणि अमेरिकेच्या यादीत १९३४ हे वर्ष १९९८ च्या किंचित वर आले. दोन्ही वर्षांतला फरक अंशाच्या काही शतांश भागाइतका होता. मी भाषांतर केले: '१९३४ ची विसंगती १९९८ पेक्षा मोठी ठरली'. हे वाचून कोणाला काही बोध होईल असे वाटत नाही.

प्रतिसाद २ देणाऱ्यांचे उत्तर

होणार नाही, कारण 'विसंगती' म्हणजे मराठीत परस्परांशी न जुळणे. साक्षीत विसंगती असते, वागण्याबोलण्यात विसंगती असते. तापमानाच्या शास्त्रात 'अनॉमली'चा अर्थ इतकाच, की एखाद्या ठिकाणचे तापमान त्याच ठिकाणच्या ठरावीक वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे. 'विचलन' हा शब्द सांख्यिकीत 'प्रमाण विचलन' म्हणून आधीच कामाला लागला आहे. 'तफावत' घ्यावा, तर हिशेबात तफावत म्हणजे कोणी तरी पैसे खाल्ले असाच अर्थ निघतो. मी अनेक वर्षे 'सरासरीपासूनचा फरक' असेच लिहितो. लांब आहे, पण त्यात संशयाला जागा नाही, आणि वृत्तपत्रांतील 'सरासरीपेक्षा चार अंशांनी अधिक' या ओळखीच्या वाक्याशी त्याचे नाते आहे.

हा फरकच का मोजायचा, हे मुंबईच्या वाचकाला एका वाक्यात पटते. मुंबईची रोजची दोन तापमाने छापली जातात, कुलाब्याचे आणि सांताक्रूझचे. पाण्याने वेढलेल्या कुलाब्यापेक्षा सांताक्रूझची दुपार बहुधा अधिक तापते आणि हिवाळ्यातली पहाट अधिक गार असते. मग मुंबईचे खरे तापमान कोणते? या प्रश्नाला उत्तर नाही. परंतु आज कुलाबा कुलाब्याच्या सरासरीपेक्षा किती वर आहे आणि सांताक्रूझ सांताक्रूझच्या सरासरीपेक्षा किती वर आहे, हे विचारले, तर दोन्ही आकडे बहुधा एकमेकांच्या जवळ येतात आणि ते एकत्र करता येतात.

'सरासरी' हा शब्द फारसी 'सरासर'वरून, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, या अर्थाने आपल्याकडे आला. टोके कोणती, हे सांगितल्याशिवाय तो अर्धाच राहतो. गोडार्ड संस्था १९५१ ते १९८० ही टोके धरते, ब्रिटनचा जागतिक संच १९६१ ते १९९० धरतो, आंतरराष्ट्रीय अहवालांत उद्योगपूर्व काळ म्हणून १८५० ते १९०० घेतात. एकाच वर्षासाठी तीन वेगळे आकडे छापून येतात, तिन्ही बरोबर असतात, आणि वाचक म्हणतो की यांचे आपसातच जमत नाही. पावसाच्या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनी 'दीर्घकालीन सरासरी' हा चांगला शब्द रुळवला आहे. तीसुद्धा स्थिर नाही. देशाच्या मोसमी पावसाची ही सरासरी १९६१ ते २०१० या वर्षांवरून सुमारे ८८ सेंटिमीटर होती, आता १९७१ ते २०२० वरून सुमारे ८७ धरतात. म्हणून माझा आग्रह आहे, की 'सरासरी' हा शब्द जिथे येईल तिथे जागा आणि वर्षे त्याच वाक्यात यावीत.

१९३४ च्या वाक्यात जागेचाच घात झाला होता. ज्या यादीत ते वर्ष वर आले, ती अलास्का आणि हवाई वगळून उरलेल्या अमेरिकेची होती, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या २ टक्क्यांहूनही कमी भागाची. जागतिक आकड्यांवर त्या दुरुस्तीचा परिणाम नगण्य होता. परंतु 'अमेरिकेतील' हे विशेषण गळाले आणि 'सर्वांत उष्ण वर्ष १९३४' एवढेच जगभर फिरले.

हीच गळती 'मध्ययुगीन उष्ण काळ' या नावात मुरलेली आहे. ह्यूबर्ट लँब यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली ती प्रामुख्याने इंग्लंड आणि पश्चिम युरोपच्या पुराव्यांवरून, पण नावात काळ आहे आणि स्थळ नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की औद्योगिक काळापूर्वीच्या उष्ण आणि थंड पर्वांचे शिखर जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या शतकांत येऊन गेले, आणि गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उष्ण काळ मात्र पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागासाठी विसाव्या शतकातच पडतो. आपण 'युरोपातील मध्ययुगीन उष्ण काळ' लिहावे. त्यानंतरच्या थंड काळाला दिलेला 'लघुहिमयुग' हा शब्दही मला खटकतो. लंडनला थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरत, हे खरे असले, तरी हिमयुग म्हणावे असे त्यात काही नव्हते. 'थंड शतके' पुरेसे आहे.

आणखी एक. 'तापमान' आणि 'तापमानवाढ' यांची गल्लत होऊ देऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जगाच्या वाढीपेक्षा हे कमी आहे, आणि हवेतील सूक्ष्म कणांनी व जमीनवापरातील बदलांनी वाढ काहीशी रोखून धरल्याचे तोच अहवाल सांगतो. 'भारत कमी तापला' या वाक्याचा अर्थ चंद्रपूरच्या मे महिन्यात बसलेला माणूस काय लावील, याचा विचार करून लिहावे. भारत उष्ण आहे आणि कमी तापला आहे, उत्तर ध्रुवाचा प्रदेश थंड आहे आणि सर्वांत जास्त तापला आहे. मराठीत 'तापणे' हे क्रियापद स्थिती आणि बदल दोन्ही सांगते, म्हणून 'तापमानातील वाढ' असे सुटे लिहिणे बरे.

प्रतिसाद ४

नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून बाहेर आलेल्या हवामानशास्त्रज्ञांच्या ई-मेलांचा भाग लेखात नक्कीच असणार. त्यातील सर्वांत गाजलेल्या वाक्यात, जे तेथील हवामानशास्त्रज्ञ फिल जोन्स यांनी १९९९ मध्ये लिहिले होते, 'ट्रिक' आणि 'घट लपवणे' हे दोन शब्दप्रयोग आहेत. 'ट्रिक'साठी 'हातचलाखी' लिहू नये. गणिताचे शिक्षक वर्गात 'याची एक युक्ती आहे' म्हणतात, तोच त्या शब्दाचा अर्थ आहे. 'युक्ती' हा युज् धातूपासून आलेला शब्द, त्याच्यात जोडण्याचा अर्थ आहे, आणि त्या वाक्यातही वृक्षांच्या वलयांवरून अंदाजलेल्या तापमानाच्या मालिकेला तापमापकांची मालिका जोडण्याचीच गोष्ट चालली आहे.

'घट' हा शब्द मराठीत एकटा ठेवूच नये. घट कशातली, असे आपली भाषाच विचारते. इंग्रजी वाक्यात ते सांगितलेले नव्हते, म्हणून जगातील तापमान घटत होते आणि ते लपवले, असा समज पसरला. प्रत्यक्षात ती घट उत्तरेकडील काही वृक्षांच्या वाढवलयांच्या घनतेतली होती. १९६० नंतर तापमापक वाढ दाखवत असताना ही वलये तापमानाशी जुळेनाशी झाली. 'वलयांच्या घनतेतील घट' असे लिहिताच अर्धा गैरसमज मिटतो.

'लपवणे' मात्र सौम्य करू नये. तो शब्द जोन्स यांनीच लिहिला होता. २०१० मध्ये विद्यापीठाने नेमलेल्या म्यूर रसेल यांच्या चौकशी समितीने शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसल्याचे सांगितले, पण ते वाक्य ज्या आकृतीविषयी होते ती, जागतिक हवामान संघटनेसाठी काढलेली आकृती, मालिका जोडल्याचे न सांगितल्यामुळे, दिशाभूल करणारी होती असेही नोंदवले, आणि माहिती देण्यातील मोकळेपणा कमी पडल्याचा ठपका ठेवला. अनुवादात हे दोन्ही यायला हवे. वलयांसारख्या पुराव्याला 'प्रॉक्सी' म्हणू नये, ही जाता जाता विनंती. महाविद्यालयांत प्रॉक्सी म्हणजे खोटी हजेरी. 'अप्रत्यक्ष पुरावा' म्हणावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. १९३४ चा परिच्छेद आता असा लिहिला आहे, कृपया पाहावा:

'अलास्का आणि हवाई वगळता उरलेल्या अमेरिकेपुरते पाहिले, तर १९५१ ते १९८० या वर्षांच्या सरासरीपासूनचा १९३४ चा फरक १९९८ च्या फरकापेक्षा अंशाच्या काही शतांश भागाने अधिक भरला. जोडणीतील चुकीची दुरुस्ती झाल्यावर हा क्रम बदलला. निरीक्षणाची वेळ बदलल्यामुळे केलेले समायोजन हा वेगळा विषय आहे. प्रथम नोंदी आणि समायोजित नोंदी दोन्ही उपलब्ध आहेत.'

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

फार चांगले झाले आहे. एकच सुचवतो: शेवटच्या वाक्यात 'उपलब्ध आहेत' ऐवजी 'कोणालाही पाहता येतात' असे करावे. घरातील त्या वडीलधाऱ्यांना विचारायचे होते ते तेवढेच असणार.